पोट्ट्यांनी वर्गातल्या पोरीचं स्टिकर बनवलं. शिकवायचं कोणाले, पोट्ट्यांले का गावाले?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आडबाजूचं गाव आहे आमचं. शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. मी शेती करतो आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

सातवीच्या चार-पाच पोट्ट्यांनी वर्गातल्याच एका मुलीचं व्हॉट्सॲप स्टिकर बनवलं. फोटो 26 जानेवारीच्या लेझीमचा. खेळता खेळता तोंड उघडं पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले. गावच्या ग्रुपवर कोणीतरी कार्यक्रमाचे ढीगभर फोटो टाकले होते, त्यातून नेमका हाच हुडकून काढला. चेहरा कापला, खाली तिला चिडवायचं नाव लिहिलं आणि वर्गाच्या ग्रुपवर सोडलं. हा ग्रुप कोरोनात अभ्यास पाठवायला केलेला, पोरं तेव्हा दुसरीत होती. नंबर सगळे बापांचे, चालवतात पोट्टे. तिथून ते बाजूच्या गावात गेलं. मुलगी शाळेत येत नाही. माय सांगते, रोज सकाळी पोट दुखते म्हणते.

ज्या नंबरवरून स्टिकर सुटलं तो एका पोट्ट्याच्या आबाजीचा. डीपीवर आबाजी पोळ्याच्या दिवशी बैलजोडीजवळ फेटा बांधून उभे, अन् त्याच नंबरवरून नातीच्या वयाच्या पोरीची टिंगल. आबाजीले व्हॉट्सॲप उघडताबी येत नाही.

पुढच्या आठवड्यात पालक सभा आहे. कोणी म्हणते मोबाइलच बंद करा, कोणी म्हणते पोलिसात द्या, अन् बाकीचे म्हणतात पोट्टे हायेत, हसण्यावारी न्या. इथं शिक्षक, वकील, आईबाप सगळे आहेत. तुमच्याकडं असं झालं तेव्हा काय केलं, काय चाललं, काय फसलं ते सांगा. सुविचाराचे फॉरवर्ड नको, ते गावच्या ग्रुपवर रोज सकाळी येतातच.

निंबाचापार

उपाय सोपा आहे राजेहो. बन्सीसारखा ठराव घ्या. तुमच्याच जिल्ह्यातलं, पुसद तालुक्यातलं गाव. 2022 च्या नोव्हेंबरात ग्रामसभेनं 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करून टाकली. हातात मोबाइलच नाही तर स्टिकर कोण बनवते?

अन् त्या पाच जणांले प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढं कान धरून उठाबशा काढाले लावा. व्हिडिओ घ्या, गावच्या ग्रुपवर टाका. पुन्हा कोणाची हिंमत होणार नाही.

मास्तरीण

पार भाऊ, एका मुलीचा लाजिरवाणा फोटो फिरवला म्हणून पाच मुलांचा लाजिरवाणा व्हिडिओ फिरवायचा? पोरं यातून एवढंच घेतील की फिरवायला हरकत नाही, फिरवणारा मोठा पाहिजे.

शिवाय शिक्षणहक्क कायदा 2009 चं कलम 17 वाचा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. उठाबशा काढायला लावणाऱ्या गुरुजींचीच चौकशी लागेल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील.

पऱ्हाटी भाऊ, त्या मुलीच्या घरी कोणी गेलं होतं का?

पऱ्हाटी

हो ताई. वर्गाच्या मॅडम आणि माझी बायको, दोघी जाऊन आल्या. पोरगी आधी बोललीच नाही. मग एकच विचारलं तिनं, "कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहे ते?" पोट्ट्यांले शिक्षा करा वगैरे काही म्हणाली नाही. तिला यादी पाहिजे. मॅडमकडं उत्तर नव्हतं.

संत्राबाग

बन्सीचा ठराव पेपरात वाचला तेव्हा मलाही पटला होता. पण पार भाऊ, तुमच्या घरची ई-पीक पाहणी कोण करतं? आमच्या वरुडकडं तरी धुऱ्यावर उभा राहून पिकाचा फोटो काढणारा, गट नंबर टाकणारा, लोकेशन येत नाही म्हणून मोबाइल डोक्यावर धरून वावरभर फिरणारा बहुतेक आठवी-नववीतला पोरगाच असतो. 2021 मध्ये हे ॲप आलं आणि घरोघरचे पोट्टे बिनपगारी तलाठी झाले. 2025 पासून हमीभावानं कापूस द्यायचा तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. ती कोण करतं? पीएम किसानची केवायसी, लाइटबिल, गॅसचा नंबर, आजीच्या निराधारचे पैसे जमा झाले का ते बघणं, सगळं पोरांकडं. बापाला आलेला ओटीपी पोरगा वाचून दाखवतो. यूपीआयचा पिन बापाला आठवत नाही, पोराला पाठ असतो.

ज्याच्या हातात आपण सातबारा आणि बँक दोन्ही दिली, त्याला ग्रामसभेत मोबाइलबंदी करायची म्हणजे संध्याकाळी पुन्हा आपणच "जरा बघ रे काय मेसेज आला" म्हणून त्याच्यापुढं मोबाइल धरायचा.

मला यात एक गोष्ट टोचते. ओटीपी कोणाला सांगू नको, हे आपण पोरांना दहादा बजावलं. कारण गेले तर पैसे आपले जातात. दुसऱ्याच्या पोरीचा फोटो कापू नको हे कोणी एकदाही सांगितलं नाही. त्यात आपलं काही जात नव्हतं.

निंबाचापार

बरं, बन्सी सोडा. ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या पोरांची सोशल मीडियाची खाती बंद केली ना? एवढा मोठा देश करते अन् आपण केलं की अडाणी. बन्सीवाले त्यांच्या तीन वर्षं पुढं होते म्हणा.

बॅटरीलो

ते तीन वर्षं पुढं होते हे मान्य 😄 पण ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात पोराला किंवा मायबापाला काहीच शिक्षा नाही. दंड कंपन्यांना, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. खाती रोखायचं काम कंपनीचं. आणि व्हॉट्सॲप त्या बंदीत नाहीच. म्हणजे पऱ्हाटी भाऊंचं प्रकरण सिडनीत झालं असतं तरी त्या कायद्यानं अडलं नसतं.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींची किमान वयाची अट 13 वर्षांची आहे. सातवीतलं पोरगं बारा-तेराचं. खातं आबाजीच्या नावावर असल्यावर कंपनीच्या लेखी मात्र तो सत्तरीचा गृहस्थ.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येतो, कारण मला तोच महत्त्वाचा वाटला. पाठवलेला मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करता येतो, तोही साधारण दोन दिवसांच्या आत. पण ज्यानं स्टिकर फेव्हरिटमध्ये ठेवलं त्याच्याकडून ते जात नाही. पाठवणाऱ्यानं मूळ मेसेज पुसला, ग्रुप सोडला, अगदी मोबाइल विहिरीत टाकला तरी समोरच्याच्या स्टिकरच्या पेटीत ते तसंच राहतं. जो तो स्वतः दाबून फेव्हरिटमधून काढेल तेव्हाच निघेल. अँड्रॉइड मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपच्या मीडियात स्टिकरचं वेगळं फोल्डर असतं, तिथंही प्रत पडून राहते. ज्यानं बनवलं त्याच्या गॅलरीत मूळ फोटो असणार तो निराळाच.

कोणाकोणाकडं आहे ते कंपनी सांगत नाही. ते माणसांना विचारूनच कळेल.

कोर्टकचेरी

पोलिसात द्यायच्या गोष्टी चालल्यात म्हणून थोडं लिहितो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो.

पहिलं, पोरांना '66 अ लागेल' म्हणून कोणी घाबरवत असेल तर थांबवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं हे कलम सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच रद्द केलं. फेसबुकवर लिहिलं म्हणून 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, तिथून ते प्रकरण सुरू झालं. तरी गावागावात अजून हे कलम दाखवून दम दिला जातो. खोट्या धाकाची किंमत पोरांना पटकन कळते, मग खऱ्या कायद्यालाही ती हसतात.

दुसरं, चेहऱ्याचं टिंगल करणारं स्टिकर आणि कपडे काढलेला किंवा तसा बनवलेला फोटो यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात मूल 18 वर्षांखालचं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67ब आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दोन्ही येतात. 67ब मध्ये पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. बनवणाराच नव्हे, पाठवणारा आणि साठवून ठेवणाराही त्यात येतो. म्हणून हात जोडून सांगतो, असं काही दिसलं तर 'पुरावा म्हणून' गुरुजींना, सरपंचाला, ग्रुपवर पुढं पाठवू नका. ज्या मोबाइलवर आहे तो मोबाइल घेऊन ठाण्यात जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. मुलांसाठी 1098, तातडीचं असेल तर 112. 1930 हा क्रमांक मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, लोक दोन्हींत घोळ करतात.

तुमच्या गावचं प्रकरण पहिल्या प्रकारचं आहे. ते शाळेत आणि घरात सुटण्यासारखं आहे, तिथंच सोडवा. आणि 'हेच ते पोट्टे' म्हणून त्यांचे फोटो कोणी टाकले, तर टाकणारा अडचणीत येईल. अशा प्रकरणातल्या मुलांची ओळख उघड करायला बालन्याय कायदा 2015 च्या कलम 74 नं मनाई आहे, मग ते मूल सोसणारं असो की करणारं असो.

पऱ्हाटी

वकील साहेब, धन्यवाद. एक शंका. वर्गाच्या ग्रुपचे ॲडमिन मॅडम आहेत. त्या घाबरून ग्रुपच बंद करतो म्हणतात. त्यांच्यावर येते काय काही?

कोर्टकचेरी

सभासदानं काही टाकलं म्हणून निव्वळ ॲडमिन आहे एवढ्यावर गुन्हा लागत नाही. ॲडमिनचाही त्यात सामील हेतू असला पाहिजे. हा निकाल आपल्याच नागपूर खंडपीठाचा आहे, 2021 चा, आणि प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं. मॅडमना सांगा, निर्धास्त राहा. ग्रुप बंद केला तर पोरं दुसरा काढतील, त्यात मॅडम नसतील एवढाच फरक.

पूर्णाकाठ

मी अकोला जिल्ह्यात अंगणवाडीत आहे. वरचं सगळं वाचलं. शहरातले लोक लेखात लिहितात, "मुलांसोबत बसून मोबाइल पाहा, संवाद ठेवा." कोण बसणार? कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी ऑटोत कोंबून दुसऱ्या गावच्या वावरात जातात, दिवस मावळताना येतात. मोबाइल घरी राहतो तो थोरल्या पोरीजवळ, कारण धाकटं रडलं तर मायला फोन लावायचा आहे. ती पोरगी धाकट्याला भात कालवून देते, कार्टून लावून देते, मध्येच कोणाचा तरी 'हाय' येतो. तिथं संवाद ठेवायला घरात असतं कोण?

आणि मुलीच्या बाबतीत पुढं काय होतं ते मी पाहत आले. आधी तिचा मोबाइल बंद. मग शाळा, 'चार दिवस राहू दे' म्हणत म्हणत. मग मामा एखादं स्थळ घेऊन येतो. करणारा पोरगा तोवर दहावीला बसलेला असतो. पोरींना हे पाठ आहे, म्हणून त्या सांगतच नाहीत. एका मुलीनं मला एक गोष्ट सांगितली ती फार उशिरा; का गं लपवलं विचारलं तर म्हणे, "बाबा म्हणतील तूच कायले फोटो काढू देला."

म्हणून मी किशोरींच्या बैठकीत मायांना एकच गोष्ट वदवून घेते: सांगायला आलेल्या पोरीच्या हातून मोबाइल हिसकावणार नाही आणि तिची शाळा सोडवणार नाही. हे सभेत बापांपुढं मोठ्यानं बोललं जाऊ द्या. पोट्ट्यांना काय शिकवायचं ते मागून बघा.

मास्तरीण

ताई, तुमचा प्रतिसाद छापून शाळेच्या भिंतीवर लावावा असा आहे.

रिकामटेकडा

माझं नाव वाचून सोडून देऊ नका. गावच्या ग्रुपवर सरपंचकीच्या निवडणुकीत मोठ्या माणसांनी काय काय लिहिलं ते वर सरकवून बघा. आमच्या गावात एका उमेदवाराच्या फोटोवर गाढवाचं धड चढवलं होतं, त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात माजी मुख्याध्यापक. ते पोट्ट्यांनी पाहिलं नसेल? मोबाइल तर त्यांच्याच हातात होता. आपणच गालात खर्रा धरून पोराले खर्ऱ्याचे तोटे सांगाचे, असा हा प्रकार.

2018 ची गोष्ट विसरलो काय आपण? 'मुलं पळवणारी टोळी आली' हा मेसेज तेव्हा घरोघर आला होता. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलैला जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, मंगळवेढ्याकडचे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. ते मेसेज सातवीच्या पोट्ट्यांनी फिरवले नव्हते.

ठरावच पाहिजे असेल तर सौंदाळ्याचा पाहा. नेवासा तालुका, अहिल्यानगर जिल्हा. 2024 च्या नोव्हेंबरात ग्रामसभेनं आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला 500 रुपये दंड ठरवला. दंड मोठ्यांना! आपल्याकडं पानठेल्यावर लावला तर ग्रामपंचायतीचं पाणीपट्टीचं थकीत एका महिन्यात भरून निघेल.

निंबाचापार

हे मात्र पटलं. पानठेल्याचं तर सांगूच नका, तिथं बोलणं शिवीनंच सुरू होते. पोट्टे व्हॉइस मेसेजमध्ये तेच बोलतात, आवाज फक्त फुटलेला नसते.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचं वडगाव म्हणून गाव आहे, तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजते अन् दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठेही बंद ठेवतात म्हणे. माझं मत आता तिकडं झुकून रायलं. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना त्याच वेळी असते, भोंग्याचाही खर्च नाही.

संत्राबाग

भोंगा चांगलाच आहे, पण त्यानं वेळ आवरते, जीभ आवरत नाही. ते स्टिकर बनवायला किती वेळ लागला असेल? दोन मिनिटं. भोंग्याच्या आधी की नंतर, काय फरक पडतो.

झाडीपट्टी

चंद्रपूर जिल्ह्यातून. प्राथमिकला शिक्षक आहे. आधी काय फसलं ते सांगतो. एका वर्षी आम्ही बाहेरून पाहुणे बोलावून सायबर सुरक्षेवर व्याख्यान ठेवलं. पडद्यावर अक्षरं मोठी, शब्द त्याहून मोठे. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर पोरांच्या ध्यानात फक्त तुरुंगाची वर्षं. पासवर्ड मजबूत ठेवा हे त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली स्वतःचा पासवर्डही लिहिला.

आमच्याकडं दिवाळीनंतर मंडईचे (गावच्या जत्रेचे) दिवस आले की गावोगाव रात्रभर नाटकं. देसाईगंज-वडसा तर नाटक मंडळ्यांचं माहेर. त्यामुळं पोरांना नाटक शिकवावं लागत नाही, फक्त विषय द्यावा लागतो. मी विषय दिला: 'टोपणनाव'. बाकी त्यांनीच बसवलं.

एका पोरानं डोक्यावरून पोतं घेतलं, तो झाला मेसेज. वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार घरं. तो प्रत्येक घरी जायचा, घरातला माणूस खडूनं पोत्यावर काहीतरी लिहायचा, हसायचा आणि पुढच्या घरी ढकलायचा. शेवटी ज्याचं टोपणनाव होतं त्या पोरापुढं पोतं येऊन उभं राहिलं. तालमीत ठरलं होतं की इथं तो रडेल. तो रडला नाही. पोत्यावरचं एक एक वाचत गेला आणि प्रत्येक वाक्याला "हे कोणी लिहिलं?" विचारत राहिला. ज्यांनी लिहिलं होतं ते बाकाखाली बघायला लागले. एकजण म्हणाला, "मी काही लिहिलं नाही गुरुजी, मी फक्त हसलो." वाचणारा म्हणाला, "हसलास म्हणून तर त्यानं पुढं ढकललं."

नाटक तिथंच मोडलं, दोघांची जुंपली, मला सोडवावी लागली. पण त्यानंतर बालसभेत पोरांनी स्वतःहून नियम मांडला: ज्याच्यावरून गंमत आहे तो समोर बसला असता तर मोठ्यानं वाचून दाखवता आलं असतं का? नसेल तर टाकायचं नाही. माझ्या तोंडून आला असता तर हा नियम महिनाभरही टिकला नसता. आता एखादा ग्रुपवर वाकडं बोलला की खाली दुसरा लिहितो, "वाचून दाखव." एवढंच.

पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही. आठवीतल्या दोघांचा वेगळा ग्रुप आहे हे मला माहीत आहे.

बॅटरीलो

गुरुजी, तुमचा नियम सेटिंगमध्ये टाकता येत नाही हेच दुःख. जे टाकता येतं ते सांगून ठेवतो. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं करता येतं. अभ्यासाचा ग्रुप तसाच असावा. 'मला ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं' इथं 'माझे संपर्क' ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस पोरीला कुठल्याही ग्रुपात ओढणार नाही. डीपी कोणाला दिसावा तेही तिथंच बदलतं. इन्स्टाग्रामवर जन्मसाल खरं टाकलं तर टीन अकाउंट मिळतं, खातं आपोआप खाजगी राहतं आणि 16 च्या आतल्या पोराला ते सैल करायला मायबापाची परवानगी लागते. पोरं 2000 साल टाकतात तिथंच सगळं फसतं.

आणि देव न करो, पण उघडा-नागडा फोटो फिरायची वेळ आलीच, तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, 18 च्या आतल्यांसाठी. फोटो कुठं पाठवावा लागत नाही. मोबाइलवरच त्याचा आकड्यांचा ठसा बनतो आणि तोच पुढं जातो. त्यात सामील असलेल्या कंपन्या, फेसबुक-इन्स्टाग्रामसकट, त्यावरून तो फोटो हुडकून काढतात.

पऱ्हाटी

सभा झाली. लांबण लावतो, पण तुम्ही एवढं लिहिलं तर सांगायलाच पाहिजे.

नुसतं 'पालक सभा' म्हटलं असतं तर बाया आल्या असत्या अन् बाप पानठेल्यावर राहिले असते. म्हणून मॅडमनी निरोप धाडला, "ज्याच्या नावावर नंबर आहे त्यानं मोबाइल घेऊन यायचं." आबाजी पण आले, फेटा बांधून. त्यांना काय झालं ते नातवानं स्वतः सांगितलं, मॅडमनी त्यालाच सांगायला लावलं. आबाजी काही बोलले नाही. मोबाइल खिशातून काढून मॅडमपुढं ठेवला अन् म्हणाले, "बाई, यातून काढा ते."

मग एक एक जण येऊन स्टिकरची पेटी दाखवत गेला. बॅटरीलो भाऊंनी सांगितलं तसं फेव्हरिटमधून काढलं, फोल्डरमधून काढलं. इथवर ठीक. तेवढ्यात पाचवीतल्या एका पोराच्या बापाच्या मोबाइलमध्येही तेच निघालं. त्याचा पोरगा तर या वर्गात नाहीच. विचारलं तर म्हणे, "मले शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आलं. कापसाचा भाव पडला का मी हेच टाकतो. कोण पोरगी आहे मले काय मालूम?" मागं बसलेल्या दोघा-तिघांनी गुपचूप आपापले मोबाइल उघडले. त्यांच्याकडंही होतं.

म्हणजे बारा वर्षांची पोरगी, गावातली, ज्यांच्या घरी ती ताक मागायला जाते त्यांच्याच मोबाइलमध्ये, कापसाच्या भावावर तोंड वासून. त्यानंतर सभेत पोट्ट्यांवर ओरडायला कोणी उरलं नाही. पूर्णाकाठ ताई, तुमचं वाक्य माझ्या बायकोनं उभं राहून वाचलं, मोबाइल हिसकावणार नाही, शाळा सोडवणार नाही. मुलीचा बाप खाली मान घालून बसला होता. 'हो' म्हणाला. आणखी चार बापांना 'हो' म्हणायला लावलं.

मॅडमनी पोरीला यादी दिली. नावं लिहून, कागदावर, मोठ्यांचीही. बाजूच्या गावातलं राहिलं आहे, तिथल्या गुरुजींशी बोलणं झालं. पोट्टे माफी मागायला घरी यायचं म्हणत होते, पोरगीच नको म्हणाली, आमच्या दारात पाच जण उभे दिसले तर अजून चर्चा होईल. बरोबर आहे तिचं. त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, त्या मॅडमकडं आहेत, तिला वाटेल तेव्हा घेईल. घटक चाचणीला आली होती. मधल्या सुट्टीत मैत्रिणीसोबत वर्गातच बसून राहिली.

वर्गाचा ग्रुप आता फक्त ॲडमिनचा. गावच्या ग्रुपवर शाळेच्या पोरांचे फोटो टाकायचे तर आधी मॅडमना दाखवायचे, घोळक्याचे टाकायचे, एकट्या पोराचा चेहरा नाही. हे गावच्या ग्रुपवाल्यांनी मानलं. किती दिवस मानतात बघू.

रिकामटेकडा

कापसाच्या भावावर! बाप्पा.

मास्तरीण

यादीत मोठ्यांची नावं लिहिली हे फार बरं केलं. पण ती यादी कोणी फोटो काढून फिरवणार नाही एवढं बघा.

पऱ्हाटी

ताई, तिनं ती वहीत ठेवली आहे. मॅडमनी स्वतःकडं प्रत ठेवली नाही, मुद्दाम.

निंबाचापार

पऱ्हाटी भाऊ, तुमचा फोटोचा नियम अन् ताईंचं ते वचन आमच्या ग्रामसभेत मांडाचा विचार आहे. बंदीचं मागं घेतो. 1 मेच्या सभेत घ्यायचं तर काय करावं लागते? सौंदाळ्यासारखा दंड ठेवता येते काय?

कोर्टकचेरी

ग्रामसेवकाकडं लेखी अर्ज द्या, विषयपत्रिकेवर यायला हवा म्हणून सभेच्या पुरेसा आधी. पोचपावती घ्या, नाहीतर 'ऐनवेळचे विषय' मध्ये ढकलतील आणि तोवर लोक उठून गेलेले असतात. दंडाची वसुली कोणी अडवली तर ती रेटायला ठराव किती पुरेल हा वादाचा मुद्दा आहे, म्हणून सुरुवातीला दंड नकोच. मुलांवर तर अजिबात नको. मसुदा इथं टाका, मी नजर फिरवून देतो.

निंबाचापार

टाकतो. पोराकडून टाइप करून घेतो.